नंबर प्लेटच्या फ्रेमसाठी अडवलं, मग डिकी कशासाठी उघडली?

तुमचा प्रसंग आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला कळेल. न्यूअर्क विमानतळावरून आई-बाबांना घेऊन तुम्ही रात्री पावणेअकराच्या सुमारास रूट 1 वरून एडिसनकडे निघाला होतात. वेग मर्यादेत, बेल्ट लावलेले. वाटेतल्या एका गावाच्या पोलिसांची गाडी मैलभर तुमच्या मागोमाग आली आणि मग तिचे लाल-निळे दिवे लागले. ऑफिसर म्हणाला, प्लेटच्या फ्रेमनं खालचे 'गार्डन स्टेट' (न्यू जर्सीचं टोपणनाव) हे शब्द झाकले जातायत. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड घेऊन तो गेला आणि परत आल्यावर प्लेटचा विषयच नाही. कुठून आलात, मागे बसलेले कोण, बॅगा कुणाच्या, गाडीत काही बेकायदेशीर आहे का, आणि शेवटी, "डू यू माइंड इफ आय टेक अ लुक?" तुम्ही म्हणालात, "नो, नो, गो अहेड." पुढची पस्तीस मिनिटं आई-बाबा थंडीत रस्त्याच्या कडेला उभे. आईनं आणलेल्या भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्या फोडून बघितल्या गेल्या. सरतेशेवटी हातात काय, तर फ्रेमचं एक तिकीट.

तुम्ही विचारता: पोलीस असं मुद्दाम, क्षुल्लक निमित्त काढून करतात का? आमच्या रंगामुळे झालं का? मी नको म्हणायला हवं होतं का? आणि या तिकिटाचा माझ्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर काही परिणाम होईल का?

मी गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत फौजदारी बचावाचं काम करतो. त्यातला निम्मा वेळ म्युनिसिपल कोर्टांत जातो आणि तिथे येणाऱ्या बहुतेक भानगडींची सुरुवात अशाच एखाद्या बल्बपासून किंवा फ्रेमपासून झालेली असते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: हो, करतात. ही कुजबुजीची गोष्ट नाही. ऑफिसर कोर्टात शपथेवर हे सांगतात, त्यांच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जातं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं 1984 मध्ये 'ऑपरेशन पाइपलाइन' सुरू केलं. हायवेवर किरकोळ नियमभंगासाठी गाडी थांबवायची, चालकाशी बोलत बोलत संशयाला जागा आहे का ते चाचपायचं आणि मग झडतीची परवानगी मागायची, ही पद्धत त्यातून राज्याराज्यांच्या पोलिसांपर्यंत पोचली. तुमच्या बाबतीत झालेला प्रश्नांचा क्रम मी इतक्या वेळा बॉडीकॅमवर, म्हणजे पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यावर, ऐकलाय की पुढचा प्रश्न कोणता येणार हे मला आधीच कळतं.

पण तुम्हाला खरं विचारायचंय ते वेगळं आहे असं मला वाटतं. हे करणं कायदेशीर आहे का, आणि नसेल तर नेमकं कुठे चुकलं? तिथे थोडं सविस्तर जावं लागेल.

वॉशिंग्टन डीसी, 1993 चा जून. साध्या कपड्यातले, साध्या गाडीतले अमली पदार्थविरोधी पथकाचे पोलीस एका वस्तीत फिरतायत. त्यांना एक काळपट पाथफाइंडर गाडी दिसते. तात्पुरती नंबर प्लेट, आत दोन कृष्णवर्णीय तरुण. गाडी स्टॉप साइनवर वीस सेकंदांहून जास्त थांबलेली. पोलिसांनी गाडी वळवताच पाथफाइंडर सिग्नल न देता उजवीकडे वळली आणि जोरात निघाली. पोलिसांनी गाठून थांबवली तर आतल्या एकाच्या, मायकल रेनच्या, दोन्ही हातांत क्रॅक कोकेनच्या पिशव्या. आता गंमत बघा, त्याच शहराच्या पोलीस नियमांत लिहिलं होतं की साध्या कपड्यातल्या पोलिसांनी साध्या गाडीतून वाहतुकीची कारवाई करायचीच नाही, अपवाद फक्त लोकांच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर. म्हणजे सिग्नल न देणं हे निव्वळ निमित्त होतं, हे जवळजवळ कागदावर होतं. तरी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की ऑफिसरच्या मनात काय होतं याच्याशी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा, म्हणजे अवाजवी झडती आणि अटकावापासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीचा, संबंध नाही. वाहतुकीचा नियम खरोखर मोडला होता असं मानायला पुरेसा आधार होता ना? मग थांबवणं वैध. वंशावरून निवडून अडवलं असं म्हणायचं असेल तर समान संरक्षणाच्या कलमाखाली दाद मागा, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्यात लिहिलं. सांगायला सोपं आहे, पण एकट्यादुकट्या चालकाला ते कोर्टात सिद्ध करणं किती कठीण जातं हे मी जवळून पाहिलंय.

या निकालाचा रोजचा अर्थ काय? वाहतुकीचा कायदा एवढा मोठा आणि बारीक आहे की मैलभर मागे राहिलं तर कुणाचंही काहीतरी सापडतंच. रेषेला चाक लागलं, सिग्नल उशिरा दिला, दोनपैकी एक दिवा गेला. न्यू जर्सी टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या दक्षिण भागात नव्वदच्या दशकात एका खटल्यासाठी गाड्यांची मोजणी झाली होती. त्यात 98 टक्क्यांहून अधिक गाड्या वेगमर्यादा ओलांडताना आढळल्या. सगळेच नियम मोडत असतील तर कुणाला थांबवायचं हे कायदा ठरवत नाही, मागच्या गाडीतला माणूस ठरवतो. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतील की आपल्याकडे नाकाबंदी असतेच की, मग यात नवल काय. फरक आहे. नाकाबंदीत सगळे थांबतात आणि कशासाठी थांबवलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. इथे अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी तसे चेकपॉइंट लावायला परवानगी आहे. पण अमली पदार्थ शोधायला सरसकट नाकाबंदी लावता येत नाही, असा निकाल 2000 साली इंडियानापोलिसच्या खटल्यात झाला. म्हणजे सगळ्यांना मिळून थांबवायचं तर पोलिसांचा हेतू तपासला जातो, आणि एकट्याला थांबवायचं तर तपासला जात नाही. ही विसंगती मला आजही खटकते.

आता तुमच्या फ्रेमकडे येऊ, कारण इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा मजबूत असू शकते. हेतू तपासायचा नाही म्हटल्यावर उरतं ते एकच: सांगितलेला नियमभंग खरा होता का? न्यू जर्सीच्या कायद्यात प्लेटवरच्या छापील मजकुराचा 'कुठलाही भाग' झाकू नये अशी भाषा होती. गाडी विकणारा डीलर स्वतःचं नाव लिहिलेली फ्रेम बसवून देतो आणि तिचा खालचा काठ नेमका 'गार्डन स्टेट'च्या अक्षरांवर चढतो. अशा फ्रेमच्या गाड्या या राज्यात इतक्या आहेत की हा नियम शब्दशः लावला तर पार्किंग लॉटमधली अर्धी रांग थांबवता येईल. 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन प्रकरणं एकत्र ऐकली. एकात, कार्टरच्या प्रकरणात, ते शब्द पूर्ण झाकले गेले होते. ते थांबवणं वैध ठरलं. दुसऱ्यात, रोमान-रोसाडोच्या प्रकरणात, अक्षरांचा फक्त दहा-पंधरा टक्के भाग झाकला होता आणि शब्द सहज वाचता येत होते. तिथे न्यायालयानं सांगितलं की मजकूर ओळखता येत असेल तर नियमभंग झालाच नाही, आणि नियमभंग नाही तर थांबवणंही अवैध. त्या गाडीत पिस्तूल सापडलं होतं, तरी तो पुरावा बाद झाला.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरच्या राज्यांतल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. 2014 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं नॉर्थ कॅरोलायनाच्या हायेन खटल्यात म्हटलं होतं की ऑफिसरनं कायदाच चुकीचा समजून थांबवलं, पण ती चूक 'वाजवी' असेल, तर चालेल. तिथे एक ब्रेकलाइट बंद होता आणि त्या राज्याच्या जुन्या कायद्याप्रमाणे एकच चालू असला तरी पुरत होतं. न्यू जर्सीनं हा मार्ग आपल्या राज्यघटनेखाली नाकारला. इथे पोलिसाला कायदा चुकीचा ठाऊक होता ही सबब चालत नाही. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, काचांच्या काळ्या फिल्मबद्दलही इथल्या न्यायालयानं तसाच आवर घातला: पुढची काच किंवा पुढच्या बाजूच्या काचा इतक्या काळ्या असतील की आतलं स्पष्ट दिसतच नाही, तरच थांबवता येईल.

म्हणून तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा हा आहे की ते शब्द वाचता येत होते की नव्हते. ते मला इथून सांगता येणार नाही.

पुढे बघू. समजा थांबवणं वैध होतं. तरी त्याला वेळेची मर्यादा आहे. 2015 च्या रॉड्रिगेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ट्रॅफिक स्टॉपचं काम म्हणजे कागद बघणं, वॉरंट आहे का ते तपासणं, तिकीट लिहिणं. ते काम संपलं, किंवा वाजवी वेगानं केलं असतं तर संपलं असतं, त्यानंतर वेगळा संशय नसताना थांबवून ठेवता येत नाही. त्या प्रकरणात कुत्र्याकडून गाडी हुंगवण्यासाठी लागलेली सात-आठ मिनिटंही जास्त ठरली. फ्रेमचं तिकीट लिहायला पस्तीस मिनिटं लागत नाहीत. पण ऑफिसर म्हणेल की यांनी झडतीला होकार दिला, म्हणून वेळ गेला. म्हणजे सगळं येऊन अडतं तुमच्या त्या "नो, नो, गो अहेड"वर.

"डू यू माइंड" हा प्रश्न आपल्या माणसांसाठी खरोखर घातक आहे. "हरकत आहे का?" याला आपण सवयीनं "नाही नाही" म्हणतो आणि तो होकार होतो. कुणी गोंधळून "येस, येस" म्हणालं तरी स्वरावरून तो होकारच धरला जातो. आणि आपलं ते मान डोलावणं, ज्यातून "ऐकतोय, पुढे बोला" एवढंच सांगायचं असतं, तेही अहवालात 'चालकाने संमती दिली' असं उतरतं. माझा एक अशील, साठीचा गृहस्थ, कोर्टात त्याच्या स्टॉपचं फुटेज लावलं होतं. ऑफिसरचा प्रश्न येतो, हेडलाइटच्या उजेडात याची मान हलते, ओठ हलत नाहीत. न्यायाधीशांनी ते नऊ सेकंद तीनदा बघितले आणि विचारलं, "हे हो आहे की नाही?" सरकारी वकिलाला सांगता आलं नाही. ती झडती बाद झाली, कारण न्यू जर्सीत 1975 पासूनचा नियम आहे की नकार देता येतो हे माणसाला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायचं असतं. देशपातळीवर असा नियम नाही. 1973 च्या निकालाप्रमाणे संमती स्वखुशीची असली की पुरे, तुमचा हक्क तुम्हाला सांगायची पोलिसांवर सक्ती नाही.

न्यू जर्सी आणखी एक पाऊल पुढे गेलं. 2002 च्या कार्टी निकालानुसार ट्रॅफिक स्टॉपमध्ये झडतीची परवानगी नुसती मागण्यासाठीसुद्धा ऑफिसरकडे सांगता येण्याजोगा, ठोस संशय हवा. न्यायालयानं तसं का केलं याचं कारण मला फार पटतं. रस्त्याच्या कडेला, रात्री, मागे लाल-निळे दिवे फिरत असताना जवळजवळ कुणीच नाही म्हणत नाही. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं तोही हो म्हणतो, आणि ज्याच्याकडे असतं तोही. अशा होकाराला स्वखुशीचा म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. विमानतळावरून आई-बाबांना बॅगांसह आणणं यात संशय कसला? तुम्ही सांगितलंय त्यापलीकडे काही घडलं नसेल, तर ऑफिसरला तो प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, असं माझं मत आहे. तो म्हणेल, चालक घाबरला होता, हात थरथरत होते. निव्वळ घाबरणं पुरत नाही. बहुतेक खात्यांत संमतीच्या छापील फॉर्मवर सही घेतात. तुम्ही सहीचा उल्लेख केला नाही. घेतली होती का, ते आठवून बघा.

आई-बाबांना उतरवलं त्याबद्दल. चालकाला खाली उतरायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना 1977 पासून आहे, तिथे वाद घालू नका. बाकीच्यांबाबत देशाचा कायदा तेच म्हणतो, पण न्यू जर्सीत प्रवाशाला उतरवायला काहीतरी विशिष्ट कारण लागतं. अर्थात एकदा झडतीला होकार दिला की "सुरक्षिततेसाठी" हा शब्द येतो आणि सगळे बाहेर उभे राहतात.

नको म्हणायला हवं होतं का? हो. आणि इथे मला आपल्या लोकांशी जरा कळकळीनं बोलायचंय. "माझ्याकडे काहीच नाही, मग बघू दे की" हे मी रोज ऐकतो. नकार दिला तर संशय वाढेल अशी भीती असते. नकार हा कायद्यानं संशयाचा आधार धरता येत नाही. उलट होकारानं काय होतं ते तुम्ही पाहिलंत. त्यात भर म्हणजे रस्त्यावर वापरायची रंग बदलणारी चाचणी किट्स चुकीचा निकाल देतात हे जगजाहीर आहे. साध्या खाण्याच्या पदार्थांवरून लोकांना कोठडीत रात्र काढावी लागल्याची उदाहरणं आहेत. खाकी कागदातली पिवळी, वासाची पूड परक्या ऑफिसरला काय वाटेल याचा भरवसा नाही. तेव्हा पूर्ण वाक्य पाठ करून ठेवा: "ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च." आवाज न चढवता, हात स्टिअरिंगवर, "येस" किंवा "नो"नं सुरुवात न करता. त्यानंतर "अॅम आय फ्री टू गो?" हे तुम्ही विचारायलाच हवं, कारण जायला मोकळे आहात हे आपणहून सांगायचं बंधन त्यांच्यावर नाही. नको म्हणूनही झडती घेतली तर अडवू नका, हात लावू नका, नुसतं पुन्हा एकदा म्हणा. लढाई कोर्टात होते, रस्त्यावर नाही. कागद मात्र तिन्ही द्यायचेच. कुठून आलात, कुठे चाललात याचं उत्तर देणं बंधनकारक नाही, पण खोटं कधीच बोलू नका.

रंगाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सर्वांत अवघड आहे. एका स्टॉपवरून मी किंवा कुणीही तुम्हाला खात्रीनं सांगू शकत नाही. रात्री मागून येणाऱ्याला तुमचा चेहरा दिसला असेलच असं नाही. संशोधकांनी हाच मुद्दा पकडून मोजमाप केलंय. स्टॅनफर्डच्या गटानं देशभरातल्या सुमारे दहा कोटी ट्रॅफिक स्टॉपच्या नोंदी जमवल्या आणि 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच वेळेला, म्हणजे समजा संध्याकाळी सात वाजता, उन्हाळ्यात उजेड असतो आणि हिवाळ्यात अंधार. त्यांना आढळलं की अंधार पडल्यावर थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. चेहरा दिसेनासा झाला की निवड बदलते, हे त्यातून कळतं. शिवाय कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांची झडती कमी पुराव्यावर घेतली जाते, असंही त्यांना दिसलं.

आपल्याच राज्याचा इतिहास यात मोठा आहे. टर्नपाइकवरच्या ज्या मोजणीचा मी वर उल्लेख केला, तिथे कृष्णवर्णीय माणसं असलेल्या गाड्या 13.5 टक्के होत्या, आणि थांबवलेल्यांत त्यांचं प्रमाण सुमारे 35 टक्के. 1996 मध्ये इथल्या कोर्टानं ते पुरावे मान्य केले. 1998 मध्ये टर्नपाइकवर थांबवलेल्या व्हॅनमधल्या निःशस्त्र तरुणांवर ट्रूपर्सनी, म्हणजे स्टेट पोलिसांनी, गोळ्या झाडल्या. त्यानंतर राज्य सरकारनं निवडक अडवणूक होते हे कबूल केलं आणि 1999 च्या शेवटापासून दहा वर्षं स्टेट पोलिसांवर संघराज्याची देखरेख बसली. आज तुम्हा-आम्हाला जे जास्तीचे हक्क आहेत, कार्टीचा निकाल धरून, ते त्या चालकांनी सोसलेल्या अन्यायातून आलेत. हे आपण विसरू नये. आपल्या मुलांना आपण गाडी शिकवतो तेव्हा लेन आणि ब्रेक शिकवतो. कृष्णवर्णीय आई-बाप पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे हे शिकवतात. मिनेसोटातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या फिलॅन्डो कॅस्टिलला तेरा-चौदा वर्षांत चाळीसहून अधिक वेळा किरकोळ कारणांसाठी थांबवलं गेलं होतं. 2016 मधल्या शेवटच्या वेळी सांगितलेलं कारण ब्रेकलाइट होतं. रेडिओवर ऑफिसर त्याआधी म्हणाला होता की याचं रुंद नाक दरोड्यातल्या संशयितासारखं दिसतंय. त्या स्टॉपमध्ये ऑफिसरची गोळी लागून फिलॅन्डो गेला. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती.

पोलिसांची बाजूही मी ऐकतो, माझे काही मित्र त्या नोकरीत आहेत. ते ओक्लाहोमाचं उदाहरण देतात: 1995 चा बॉम्बस्फोट घडवणारा मॅक्व्हे दीड तासात सापडला तो गाडीला नंबर प्लेट नव्हती म्हणून. खरं आहे. पण त्या ट्रूपरनं त्याला प्लेट नव्हती म्हणूनच थांबवलं होतं, काहीतरी सापडेल म्हणून प्लेटचं निमित्त केलं नव्हतं. नियमभंग दिसला आणि थांबवलं, याला माझी हरकत नाही. आधी माणूस निवडला आणि मग नियम शोधला, याला आहे.

हे उलगडायची एक वकिली युक्ती सांगतो. ऑफिसरच्या गाडीतल्या कॉम्प्युटरवर तुमची प्लेट किती वाजून किती मिनिटांनी तपासली गेली याची नोंद असते. ती वेळ आणि दिवे लागल्याची वेळ यांत दोन-चार मिनिटांचं अंतर असेल, तर तो इतका वेळ मागे राहून काय शोधत होता हा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. प्लेट तपासणं बेकायदेशीर नाही. पण फ्रेमनं प्लेट वाचता येत नव्हती म्हणणाऱ्यानं तीच प्लेट मैलभर आधी वाचून टाइप केली असेल, तर त्याच्या म्हणण्यात काय उरलं?

राज्याप्रमाणे चित्र बदलतं, म्हणून इतरांसाठी दोन शब्द. वॉशिंग्टन राज्यानं 1999 मध्येच निमित्ताचे स्टॉप आपल्या राज्यघटनेखाली अवैध ठरवले. व्हर्जिनियात मार्च 2021 पासून काचेची फिल्म, आरशाला टांगलेली वस्तू, प्लेटचा दिवा असल्या कारणांसाठी थांबवताच येत नाही. फिलाडेल्फियानं 2022 पासून अशा आठ बाबी वगळल्या. कॅलिफोर्नियात 2024 पासून प्रश्न विचारायच्या आधी थांबवण्याचं कारण सांगावं लागतं. टेक्साससारख्या राज्यांत यातलं काही गृहीत धरू नका. आणि आरशाला रुद्राक्षाची माळ किंवा गणपती टांगला असेल तर न्यू जर्सीतही तो डॅशबोर्डवर खाली ठेवा. चालकाच्या नजरेच्या आड येणारी वस्तू म्हणून त्यावरून थांबवता येतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. फ्रेमचं तिकीट हा गुन्हा नाही, त्यानं लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स चढत नाहीत, अटक झालेली नाही. त्यानं एच-1बीला धोका नाही. धोका दोन गोष्टींनी असतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द झालेले मी पाहिलेत. दुसरा गांजा: न्यू जर्सीत तो 2021 पासून कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि नागरिक नसलेल्यानं "थोडा ओढतो" एवढं कबूल करणंही महागात पडू शकतं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बिगर-नागरिकानं आय-94 (देशात प्रवेश केल्याची नोंद) किंवा ग्रीन कार्डसारखा नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा कायदा आहे, तेव्हा आई-बाबांचे कागद पर्समध्ये असू द्या. इथल्या स्थानिक पोलिसांनी ट्रॅफिक स्टॉपमध्ये इमिग्रेशनची चौकशी करण्यावर राज्याच्या 2018 च्या आदेशानं मोठी बंधनं आहेत.

आता तुम्ही काय करावं. तिकिटाचे पैसे ऑनलाइन भरून मोकळे होऊ नका, कारण भरलं की दोष कबूल केल्यासारखं होतं. नॉट गिल्टी नोंदवा आणि सरकारी वकिलाकडे बॉडीकॅमचं, डॅशकॅमचं फुटेज आणि प्लेट तपासल्याची नोंद लेखी मागा. 2021 पासून गणवेशातल्या गस्तीच्या पोलिसांना बॉडीकॅम बंधनकारक आहे. पण फुटेज किमान 180 दिवस ठेवायचं असतं, त्यानंतर त्याची शाश्वती नाही. झडतीत काही सापडलं नाही, त्यामुळे बाद करायला पुरावाच नाही. झडतीबद्दलची दाद म्हणून खात्याच्या इंटर्नल अफेअर्सकडे, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या विभागाकडे, तक्रार करता येते. ती घेणं त्यांना टाळता येत नाही, नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. प्रत्येक तक्रारीतून काही निघतं असं नाही, पण त्याच ऑफिसरविरुद्ध तिसरी-चौथी तक्रार येते तेव्हा आधीच्या कागदांना वजन येतं. आईची साक्ष तिच्याच शब्दांत, मराठीत, आजच लिहून ठेवा. महिन्याभरानं ती परत जाईल आणि बारकावे विसरतील.

आणि फ्रेम लगेच काढू नका. आधी रात्री त्याच वेळेला कुणाला तरी मागे गाडी उभी करायला सांगा, हेडलाइट लावा आणि वीस-तीस फुटांवरून प्लेटचे फोटो काढा, मग जवळून एक, अक्षरांना मोजपट्टी लावून. 'गार्डन स्टेट' वाचता येतंय असं फोटोत दिसलं तर तुमचा खटला तिथेच निम्मा उभा राहिला. फोटो झाले की स्क्रू ड्रायव्हर घ्या, फ्रेम उतरवा आणि फेकू नका, पिशवीत घालून कोर्टाच्या तारखेला सोबत न्या.